इसिलेलीचं उशिरा येणारं हॉर्न

मातामोआना, वावाऊ बेट
गुरुवार दुपार

आदरणीय लोसालीन आत्या,

तुमच्या भावाचा मुलगा पेनिसिमानी याचा, डोकं शक्य तितकं खाली घालून, सप्रेम आणि थोडा सभय नमस्कार. (सुरुवात टेबलावर केली होती. पण तुम्हाला लिहिताना खुर्चीत बसणं बरं दिसेना, म्हणून आता चटईवर बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर तो आदर समजावा.)

तुमचे गुडघे कसे आहेत? ऑकलंडात यंदा थंडी फार आहे म्हणतात. तुमच्या सुनेनं, पिसिलानं, तुमच्यासाठी खोबरेल तेल काढून ठेवलंय, कुणी तिकडे येणारं भेटलं की पाठवते. तिची तब्येत ठीक, जीभ त्याहून ठीक. काळी डुकरीण व्याली. पिल्लांतलं सगळ्यात गुबगुबीत ते तुमचं, हे मी सांगायला नकोच. वडिलांच्या बहिणीचा वाटा आपल्याकडे कुणाच्या बापाला चुकलेला नाही. त्याच्या गळ्यात लाल दोरा बांधलाय, आणि तो दोरा पाहून बाकीची पिल्लं त्याला आधी दूध पिऊ देतात असं पिसिलाचं म्हणणं आहे. चर्चवर नवं छप्पर चढलं, भिंतींना चुना झाला, आता फक्त उद्घाटन राहिलंय. वादळात उडालेल्या जुन्या पत्र्यांपैकी एक मोठा पत्रा अखेर सापडला. तो फंगालेआ गावात आहे. त्यांच्या बँडमास्तरनं, म्हणजे त्या माकानं, तो आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलाय आणि जाता-येता मला तो दिसतो.

तुमचा निरोप पोचला. लिहिण्याऐवजी फोनवर आवाजातच पाठवलात ते बरं केलंत, कारण पिसिलानं फोन मोठ्यानं लावल्यामुळे शेजारच्या चार घरांना वेगळं सांगावं लागलं नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्या भावानं जन्मभर ज्या बँडचा ढोल वाजवला, त्या बँडच्या जागी पत्र्याचा डबा वाजणार असेल तर त्या चर्चचं दार न उघडलेलं बरं. माणसं नाहीत तर बँड नाही. देवाच्या घरात खोटं वाजवायचं नाही, पेनी." मी तो निरोप आधी उभा राहून ऐकला, मग बसून ऐकला, मग पाणी प्यालो. तेवढ्यात कळलं की तुम्ही पाळकसाहेबांनाही फोन केलाय. ते बिचारे संध्याकाळी घरी आले, टोपी हातात फिरवत म्हणाले, "हे बघ, तुझ्या बापाच्या, सातेकीच्या बहिणीच्या शब्दापुढे जायची माझी छाती नाही. ती हो म्हणाली तर तुझं यंत्र. नाही म्हणाली तर फंगालेआचा बँड बोलावतो. उद्घाटन मुक्यानं थोडंच करायचं?"

आत्या, आपल्या चर्चच्या अंगणात, बाबांच्या कबरीपासून हाकेच्या अंतरावर, माकाचा बँड! त्या माणसानं काल बाजारात मला गाठलं, सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे, काळजी कशाला करतोस? तुमच्याकडे माणसं उरली नाहीत ना, आम्ही येतो की. शेजारधर्म आहे." शेजारधर्म! आमचा पत्रा कोंबड्यांवर घालून शेजारधर्म! मी काही बोललो नाही. (दोन-तीन शब्द बोललो, पण ते आत्यांना लिहिण्यासारखे नाहीत.) म्हणून हे पत्र. तुम्हाला उलट उत्तर द्यायची माझी प्राज्ञा नाही. पण डब्यात काय आहे ते एकदा नीट ऐकून घ्या, आणि मग हो की नाही ते सांगा. तुम्ही सांगाल ते शेवटचं.

आपली माणसं कुठे गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे. निम्मा बँड ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडतोय, उरलेला निम्मा संत्री. गावात वाजवणारे म्हणाल तर मी, आणि म्हातारा लोपेती. लोपेतीचे पुढचे दात पडल्यापासून त्याची फुंकर कॉर्नेटमध्ये कमी आणि समोरच्याच्या तोंडावर जास्त जाते. आम्ही दोघांनी एकदा तालीम केली. पिसिला स्वयंपाकघरातून बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत आत गेली. ती काही न बोलता आत गेली हे तिला ओळखणाऱ्यानं समजून घ्यावं. तेव्हापासून सगळी वाद्यं चर्चच्या बाजूच्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवलीत, आणि मी आपला बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करत होतो.

अशात एक डॅनिश माणूस शिडाची बोट घेऊन बंदरात आला. इंजिन खोकत होतं. मी खाली डोकं घालून पाना फिरवतोय, आणि वरून काय ऐकू यावं? अख्खा वाद्यवृंद! तुताऱ्या, व्हायोलिनं, मोठी हॉर्नं, सगळं. बोट एवढीशी, तीत तो, त्याची बायको आणि एक मांजर. मी तेलकट हातांनी तसाच वर गेलो. तर तो माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. चित्रपटांना संगीत देतो म्हणाला. त्याचं सांगणं मी तुम्हाला सोपं करून सांगतो. कुठल्याशा थंड देशात मोठ्या दालनात खरी माणसं बसवायची. एकेकानं एकेक सूर वाजवायचा: हळू, जोरात, लांबवून, तोडून, नुसता ओठ टेकवून. ते सगळं टिपून यंत्रात साठवायचं. मग आपण नुसती सुरावट लिहायची, आणि यंत्र तिथून हवा तो सूर उचलून वाजवून दाखवतं. म्हणजे डब्यात माणसंच आहेत, आत्या. ती आपल्या गावची नाहीत एवढंच, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. इंजिन मी असं बसवून दिलं की आता ते मांजरीपेक्षा मऊ घुरघुरतं. त्याच्या बदल्यात त्यानं मला त्याचा जुना लॅपटॉप दिला, आत सगळी वाद्यं भरून, आणि वारा फिरेपर्यंत रोज शिकवत बसला.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. उद्घाटनाचं स्तोत्र जुन्या बँडमास्तरांच्या हातचं, आपल्या आकड्यांत लिहिलेलं. यंत्रातही आकड्यांनी सूर भरायची सोय होती. मी म्हटलं, हे तर आपल्या घरचंच काम! भराभर आकडे भरले. आता आपल्याकडे पहिला सूर म्हणजे तीन. मिशनरी साहेबांनी पणजोबांना तसं शिकवलं, पणजोबांनी विचारलं नाही, आपणही विचारलं नाही. यंत्राला हे कोण सांगणार? त्याच्या लेखी पहिला सूर म्हणजे एक. बटण दाबलं, आणि सगळं गाणं दोन पायऱ्या वर चढून बसलं. एवढं आनंदाचं स्तोत्र, पण एखाद्याला पुरायला निघाल्यासारखं वाजलं. पाळकसाहेब रस्त्यानं चालले होते, त्यांनी टोपी काढली आणि कोण गेलं म्हणून विचारायला आत आले. डॅनिश माणसानं मला विचारलं, "तुमच्याकडचे एक आणि दोन कुठे गेले?" मी म्हटलं, "ते बहुतेक मिशनऱ्यांच्या जहाजात बसलेच नाहीत."

मग खोलीचं प्रकरण. यंत्रात वाद्यांसारखी खोलीही निवडायची असते, वाजलेलं कुठे घुमावं ते ठरवायला. मी हावरटासारखी सगळ्यात मोठी निवडली, दगडी कॅथेड्रल. एक सूर वाजवला आणि तो विरायची वाट पाहता पाहता पिसिलानं अख्खा नारळ खवून घेतला. पुढे मी मुकाट्यानं आपल्या चर्चमध्ये जाऊन उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या, शीळ घातली, खिडक्या उघडून पाहिल्या, लावून पाहिल्या. (चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकननी हे पाहिलं आणि पिसिलाला माझ्या तब्येतीबद्दल विचारलं.) चुन्याच्या भिंती सूर जरा मऊ करतात आणि वरचा पत्रा त्याला किंचित झणका देतो. तो झणका यंत्रात आणायला मला किती खटाटोप करावा लागला ते लिहीत नाही. पण आणला. डोळे मिटून ऐकलंत तर डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसल्यासारखं वाटतं, तुमच्या जागेवर. मुद्दाम तीच जागा धरली.

खरी अडचण पुढेच होती. बँड वाजायला लागला आणि तो फार चांगला वाजायला लागला. सगळे एका क्षणी सुरू, सगळे एका क्षणी बंद, कुणी दमत नाही, कुणाचा सूर ढळत नाही. मी मोठ्या अभिमानानं पिसिलाला बोलावलं. ती हात पुसत आली, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. फंगालेआचा बँड ना?" आत्या, मला तो शब्द लागला. जेवण गेलं नाही. पण ती बरोबर होती. आपला बँड असा कधी वाजलाच नव्हता.

डॅनिश माणूस म्हणाला, त्यात काय, सगळ्यांना थोडंथोडं मागेपुढे करायला यंत्रात एक बटण आहे, ते दाबलं की माणसांसारखं वाटतं. मी म्हटलं, "आमच्याकडे कोण मागे आणि कोण पुढे हे गेली वीस वर्षं ठरलेलं आहे, बटण कशाला?" आणि बसलो एकेका माणसाला घडवायला. इसिलेलीचं हॉर्न तिसऱ्या ओळीला उशिरा येतं, कारण दुसरी ओळ संपली की तो नळीतली थुंकी झटकतो. तेवढा उशीर मी मोजून नाही, आठवून घातला. फेआओ वरच्या सुरावर सरळ कधी जात नाही. खालून सुरू करतो आणि रताळ्याचं पोतं खांद्यावर घ्यावं तसा चढवतो. तसा चढवला. वाका मोठ्या बासवर हालेलुयाच्या बरोबर मधोमध श्वास घेतो, त्यामुळे आपल्या गावात हालेलुयाचे दोन तुकडे झालेत आणि पोरंही तसंच म्हणतात. तो श्वास ठेवला. लोपेतीची पडलेल्या दातांतून येणारी शीळ ठेवली. शेवटच्या कडव्याला सगळे दमतात, म्हणून तिथे सगळ्यांचं बळ थोडं काढून घेतलं, आणि पाळकसाहेब 'पुन्हा एकदा' म्हणून हात करतात तेव्हा त्यांना जो चेव चढतो तोही घातला. चाळीस माणसांच्या खोडी मला पाठ आहेत हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

लॅपटॉप जुना, एवढी माणसं त्याच्या पोटात मावेनात, तापून लाल व्हायचा. म्हणून मी त्याच्याखाली फ्रीजरमधलं मटणाचं पाकीट ठेवत असे. बँड घडत गेला तसं मटण वितळत गेलं. पिसिला म्हणते, या बँडचं एकेक कडवं आम्ही खाल्लंय. आणि हो, रविवारी त्या यंत्रातून एकही सूर निघालेला नाही. एकदा शनिवारी संध्याकाळी रविवारच्या विश्रांतीची घंटा झाली तरी त्याचं काम चालूच होतं. मी डीकनना विचारलं की मी हात लावला नाही तर ते माझं काम की यंत्राचं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, यंत्र कुणाचं? मी वायर उपटली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. हे तुम्हाला मुद्दाम कळवतोय.

आता रेडिओची गोष्ट. पाळकसाहेबांना (तुमचा फोन यायच्या आधी) ते इतकं आवडलं की उद्घाटनाची बातमी म्हणून त्यांनी ते नेइआफूच्या रेडिओवर नेऊन दिलं. गेल्या आठवड्यात बुधवारी सकाळी लागलं. मी अंगणात कॉलर ताठ करून बसलोय, तेवढ्यात फाटक आपटलं. इसिलेलीची बायको केसाया! हातात झाडू, कमरेला गुंडाळायची मानाची चटई अर्धी सुटलेली, चुलीवरून तशीच आलेली.

"कुठाय तो?"

"कोण?"

"वेड पांघरू नकोस! इसिलेली! बाहेर काढ त्याला!"

"अगं, तो ऑस्ट्रेलियात आहे."

"ऑस्ट्रेलियात? मग आत्ता रेडिओवर तिसऱ्या ओळीत उशिरा कोण आलं? तुझा बाप? अख्ख्या जगात दुसरा माणूस तिथे इतका उशिरा येत नाही! मेला बेटावर येऊन वाजवून गेला आणि घरी तोंड दाखवलं नाही!"

आणि शिरली घरात. पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं. पिसिला तिला अडवायचं सोडून कपाट उघडून देत होती. शेवटी मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं, बाकी सगळी वाद्यं बंद केली आणि एकट्या इसिलेलीचं हॉर्न लावलं. दुसरी ओळ संपली. ती थुंकी झटकायची जागा आली. केसायानं झाडू खाली ठेवला. मग हॉर्न आलं, उशिरा. ती म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. पाच-सहा वेळा ऐकल्यावर तिनं डोळे पुसले, कमरेची चटई नीट केली आणि म्हणाली, "असाच येतो मेला. लग्नातही असाच आला होता." दुपारी तिनं जमिनीतल्या उमूत भाजलेलं लू पाठवलं, अळूच्या पानात बांधलेलं मांस, वर नारळाचं दूध. मी हात घालणार तोच केळीच्या पानावर खोचलेली चिठ्ठी दिसली: हे हॉर्नसाठी आहे, पेनिसिमानीनं निम्मंच खावं.

आत्या, त्यानंतर आमच्या घराला दाराची गरज उरली नाही. फेआओची आई येते, पोतं चढवून घेते आणि जाते. वाकाच्या मुली येतात, बाप श्वास कुठे घेतो ते ऐकून खिदळतात. कुणी भाजलेलं रताळं आणतं, कुणी मासे. मटण आता फक्त लॅपटॉपसाठी लागतं. त्या सगळ्यांना ते यंत्र आहे हे ठाऊक आहे, मी कुणाला फसवलेलं नाही. केसायानं ते नवऱ्याला फोनवरूनही ऐकवलं. तिकडे द्राक्षांच्या शेडमध्ये सगळी माणसं फोनभोवती गोळा झाली. मग इसिलेली रागावून म्हणाला, "मी उशिरा येत नाही, बाकीचे लवकर येतात!" आणि मागून अख्खी शेड हसली. वाकानं विचारलं, "उद्घाटनाला माझी जागा कुठे?" मी सांगितलं, नेहमीची, खांबाजवळ. खुर्च्या मांडणार आहे, प्रत्येक खुर्चीत ज्याचं त्याचं वाद्य, पुसून लख्ख, आणि ज्याची त्याची कमरेची चटई. मधे लाऊडस्पीकर. ज्याला पाहायचंय त्याला रिकाम्या खुर्च्या दिसतील, लपवाछपवी नाही. कान असतील त्याला गाव ऐकू येईल.

यात खोटं काय ते तुम्हीच सांगा. मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटतोय असं वाटेल, पण आता कोण थोपटणार? बाबा असते तर त्यांनी मान डोलावली असती आणि मग म्हणाले असते, ढोल जरा वाढव. ढोलाचं म्हणाल तर ढोलही आहे. यंत्रात ढोल हवे तेवढे आहेत, त्याची तुम्ही अजिबात चिंता करू नये. ते मी नीट बसवलंय.

पत्र लांबलं. तुमच्या नातवंडांना आमची आठवण सांगा, गुडघ्यांना जपा, आणि पाळकसाहेबांना एक फोन करा. एक शब्द पुरे. हो असेल तर हो, नाही असेल तर मी स्वतः जाऊन माकाला निमंत्रण देईन आणि त्याच्या खुराड्यावरचा पत्रा पाहून येईन.

तुमच्या वाट्याचं पिल्लू रोज न्हाऊ घालणारा,
तुमचा भाचा
पेनिसिमानी

ता. क. ढोलाचं वर जे लिहिलंय ते खरं नाही. सगळं जमलं, फक्त ढोल जमलेला नाही. यंत्रातला एक ढोल दार आपटल्यासारखा वाजतो, एक ढग गडगडल्यासारखा, आणि एकावर तर इतकी मऊ काठी पडते की उशी झटकतायत असं वाटतं. बाबांचा ढोल त्यात नाही. कसा असेल? एका बाजूचं कातडं वादळात फाटल्यावर त्यांनी आपल्या लाल गाईचं चढवलं होतं, त्यामुळे एक बाजू बोलते आणि दुसरी हुंकार देते. पिसिला ऐकून म्हणाली, "सगळे आलेत. सासरे आले नाहीत." बाबा गेल्यावर तुम्ही तो ढोल नेलात. तो तुमचाच हक्क, त्यावर मी चकार शब्द काढला नाही आणि आताही काढत नाही. आत्यानं नेलेली वस्तू भाच्यानं परत मागणं म्हणजे काय, हे मला समजतं. म्हणून मी ढोल मागत नाही. फक्त त्याचा आवाज मागतोय. फोन जवळ ठेवा, खिडकी लावून घ्या (मागच्या निरोपात मधे बस गेली होती), आणि दोन्ही बाजूंवर मारा: आधी अगदी हळू, मग वाढवत वाढवत, शेवटचा मिरवणुकीतल्यासारखा. शिवाय बाबा टोला किंचित लवकर मारायचे, मागची रांग रेंगाळू नये म्हणून. किती लवकर ते मला आठवून घालता येत नाही. बाकी चाळीस जणांचं आठवलं, त्यांचं नाही. मी लहान होतो तेव्हा त्या टोल्यावर नुसता चालत होतो.

ता. क. दुसरा. नातवाला मारायला सांगू नका. तुम्हीच मारा. मला ठाऊक आहे, आत्या. बाबांनी एकदा ढोलाला तेल लावता लावता सांगितलं होतं. चर्चच्या मोठ्या परिषदेच्या वर्षी त्यांना गालगुंड झालं, तोंडाला फडकं बांधून ते पडून होते, आणि ढोलाचा आवाज फार होतो असं कारण सांगून कुणीतरी तो चर्चच्या बाजूच्या खोलीत, पडद्यामागे ठेवून दिला. बँडमध्ये मुलींना जागा नव्हती, आणि बहिणीनं भावाच्या वस्तूला हात लावायचा नाही असे ते दिवस. त्या दिवशी ढोल असा वाजला की बँडमास्तर घरी येऊन बाबांची पाठ थोपटून गेले. बाबांनी फडक्यातूनच मान डोलावली. त्यांनी अंथरुणातून ऐकलं होतं, आणि पहिल्याच टोल्याला त्यांना कळलं होतं, कारण चुलीमागे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर कोण रोज हात बसवतंय ते त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाले, "किंचित लवकर मारायचं, हे मी तिच्याकडून शिकलो." तुम्हाला मात्र ते कधी बोलले नाहीत. बहिणीचा मान राखायचा म्हणून. तेव्हा पडद्यामागून वाजणारा आपल्या बँडचा पहिला माणूस काही माझ्या डब्यातला नाही.

ता. क. तिसरा. कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायची आहे. चाळीस नावं लिहून झाली. मोठ्या ढोलापुढे जागा कोरी ठेवलीय. तिथे बाबांचं नाव घालू की तुमचं?